आठ महिने, मुठा खोरं आणि एक हार्डटेल

हार्डटेल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल, जूनच्या शेवटी घेतली, आता फेब्रुवारी संपत आलाय. अकराशे किलोमीटर झाले, त्यातले निम्म्याहून जास्त डांबर सोडून. २९ इंची चाकं, पुढचं चाक धरणारा, १२० मिलिमीटर दबणारा स्प्रिंगवाला फोर्क, पुढे एकच ३२ दातांची चकती, मागे ११ ते ४६ दातांच्या दहा चकत्यांची कॅसेट, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. साठ हजारांच्या आत. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या किमतीतल्या चार सायकली शेजारी उभ्या केल्या तर रंग सोडून फार काही वेगळं दिसत नाही.

दुकानात अर्धा तास बोलणं झालं ते सगळं फोर्कबद्दल. टायरचा विषय निघाला तो एवढाच, की "हवा चाळीस ठेवा सर, पंक्चरच होणार नाही." पुढच्या आठ महिन्यांत पैसे आणि डोकं खर्च झालं ते टायर, ब्रेक पॅड आणि बोटाच्या पेराएवढ्या एका तुकड्यावर. फोर्कनं बिचाऱ्यानं काही मागितलं नाही.

माझा नेहमीचा पट्टा म्हणजे पुण्याजवळचे वारजे, कोंढवे धावडे, कुडजे, मांडवी, सांगरूण, बहुली. सांगरूणला मुठेला मोसे आणि आंबी येऊन मिळतात. तिघींवर वरच्या अंगाला टेमघर, वरसगाव, पानशेत ही धरणं आणि खाली खडकवासल्याचं पाणी. रस्ता सोडला की बैलगाडीच्या वाटा, भातखाचरांचे बांध, गुरांनी पाडलेल्या पायवाटा, आणि वर चढलात तर कारवी, ऐन, हिरडा. सायकलसाठी मुद्दाम बनवलेला ट्रेल इथं एकही नाही. जूनमध्ये ज्या काठावरून गेलो तो काठ ऑगस्टमध्ये पाण्याखाली होता, त्यामुळे जुन्या जीपीएस ट्रॅकवर डोळे मिटून विसंबू नका.

पहिल्या पावसाळ्यात ब्रेकनं शिकवलं. आमच्याकडचा लाल चिखल म्हणजे पाण्यात कालवलेला सँडपेपर. कंपनीतून आलेले रेझिनचे पॅड चौथ्या राइडला पत्र्यापर्यंत घासले. पत्रा डिस्कवर घासायला लागला की कुकरच्या शिट्टीच्या आधीचा आवाज येतो, तो एकदा ऐकलात की विसरणार नाही. धातूचे पॅड टाकायला गेलो तर मेकॅनिकनं डिस्कवर कोरलेली बारीक अक्षरं दाखवली: फक्त रेझिन पॅडसाठी. म्हणजे दोन्ही डिस्क बदलणं आलं. विकत घेताना त्या अक्षरांकडे कोण बघतं? तुम्ही बघा. धातूचे पॅड ओले झाले की म्हशीसारखे हंबरतात, पण ऑगस्टमध्ये घातलेला जोड अजून चालू आहे.

आता टायर. चाळीसची हवा घेऊन पहिल्यांदा घसाऱ्यावरून उतरलो तेव्हा सायकल टेबलटेनिसच्या चेंडूसारखी उडत होती. मग हवा कमी केली, तर दगडावर आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप डसल्यासारखी. वर काटे. बाभूळ आणि बोर बाराही महिने आहेतच, पण भात काढणीनंतर शेताच्या कुंपणाच्या काटेरी फांद्या वाटेवर येऊन पडतात, तो आमचा खरा पंक्चरचा मोसम. ऑक्टोबरअखेर माझी मोजणी नऊवर गेली होती. नववं सांगरूणच्या अलीकडे, पंपाचा वॉशर गेलेला, आणि एक आजोबा बांधावर बसून शांतपणे बघत होते. "पाव्हणं, हवा भरायला आलाय का फिरायला?"

त्या आठवड्यात ट्यूबलेस केले. रिम त्यासाठी तयारच होत्या, नुसती टेप, व्हॉल्व्ह आणि प्रत्येक टायरमध्ये शंभर मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव. माझं वजन ७८ किलो, त्याला पुढे २४ आणि मागे २७ पीएसआय. फरक इतका की पहिल्या दिवशी मी दोनदा थांबून हवा गेली की काय म्हणून टायर दाबून पाहिले. टायर दगडाला धडकत नाही, त्याच्यावर बसतो. तेव्हापासून वाटेत एकदाही ट्यूब काढावी लागली नाही. परवा टायर उघडला तर आत बाभळीचे सात काटे आणि सीलंटचा वाळलेला रबरी पापुद्रा. पुण्याच्या उन्हात दोन-अडीच महिन्यांनी ते भरावंच लागतं, हे बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

हँडलबार ७६० मिलिमीटरचा आला होता. परदेशी ट्रेलच्या व्हिडिओत तो छान दिसतो. बहुलीच्या वरच्या कारवीत शिरा, मग कळेल: काठ्या दोन्ही बाजूंनी ब्रेकचे लिव्हर धरून ओढतात. दोन्हीकडून वीस-वीस मिलिमीटर कापला, हॅक्सॉनं, घरच्या गॅलरीत.

त्याच कारवीनं नोव्हेंबरात मोठा हिसका दिला. पावसानंतर आडवी झालेली एक वाळकी काठी मागच्या चाकात गेली, गिअर बदलणारा डिरेलर ओढला गेला आणि त्याला फ्रेमशी जोडणाऱ्या हँगरचे दोन तुकडे. हँगर मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, म्हणजे मार लागला तर तो मोडावा आणि फ्रेम वाचावी. ते काम त्यानं चोख केलं. मी साखळी तोडून आखूड केली, मागच्या मधल्या चकतीवर बसवली आणि एकगिअरी करून निघालो. पण मागचं चाक मागे सरकवून साखळी ताणायची सोय या फ्रेममध्ये नाही. साखळी पन्नास पावलांवर मोठ्या चकतीवर चढून बसायची, की थांबा, उतरा, हात काळे करा. रस्त्याला लागेपर्यंत सव्वा तास. मग दुधाच्या टेम्पोनं घेतलं, एका अटीवर: "सायकल कॅनला टेकवायची नाही, दादा."

माझी खरी तक्रार पुढची आहे. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि कंपनीकडे तो पंचेचाळीस दिवस नव्हता. साठ हजारांची सायकल पाचशे रुपयांच्या तुकड्यासाठी दीड महिना भिंतीला टेकून उभी. ईमेलला उत्तर एकच, ठरावीक, "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो" छापाचं. अखेर दोन मागवले. एक बसवला, एक सीटखालच्या पिशवीत. सायकल घ्याल त्याच दिवशी जास्तीचा हँगर मागा. देता येत नसेल तर दुसरं मॉडेल बघा.

बाकी थोडक्यात. गिअर व्यवस्थित, सीट तिसऱ्या आठवड्यात बदलली, साखळी नऊशे किलोमीटरला ताणली म्हणून बदलली. पाणी चाकाच्या मधल्या हबच्या वर असेल तर ओढ्यातून सायकल उचलून न्या आणि धुताना सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा मारू देऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस जातं. मी बादली आणि जुना रंगाचा ब्रश वापरतो.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मात्र मी आता पाऊस पडल्यावर दोन दिवस जात नाही. ओल्या उतारावर मागचं चाक लॉक केलं की जो चर पडतो, पुढच्या सरीत तोच पाण्याची वाट होतो. सकाळी फिरायला येणारे यावरून ओरडतात तेव्हा ते बरोबर असतात. मुळशीकडे देवराईतून वाट जात असेल तर उतरून चालत जा, आणि ताम्हिणीच्या अभयारण्यात परवानगीशिवाय चाक घालू नका.

हीच सायकल परत घेईन का? घेईन, पण १०० मिलिमीटरच्या फोर्कची, वाचलेले पैसे चांगल्या डिस्क आणि टायरमध्ये घालून. फोर्कच्या नळ्यांवर हल्ली चिखलाची तपकिरी रेघ उमटते आहे, सील गेल्याचं लक्षण. पन्नास तासांना सर्व्हिस करा असं पुस्तकात लिहिलं होतं म्हणे. ते पुस्तक मी काल पहिल्यांदा उघडलं.