बॉइज स्टेट: मुलांनी चालवलेले राज्य
अकरावी संपलेल्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना १९३५ सालापासून उन्हाळ्यात ‘बॉइज स्टेट’ हे लुटुपुटीचे राज्य सरकार चालवण्याचे शिबिर भरवत आली आहे, आणि यंदा आमचा मुलगा तिथून परतला तो नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर तावातावाने बोलतच. नॅशनलिस्ट आणि फेडरलिस्ट अशा दोन काल्पनिक पक्षांत मुलांची वाटणी होते; मग शहरापासून गव्हर्नरपदापर्यंतच्या निवडणुका त्यांनीच लढवायच्या आणि विधेयकेही त्यांनीच मांडायची. आपले विधेयक पडल्यावर विरोधात मत देणाऱ्या मुलाशेजारीच बसून जेवलो, असे त्याने सांगितले तेव्हा मला मनापासून समाधान वाटले. आमच्या शाळेने मात्र ही माहिती अगदी उशिरा कळवली, म्हणून इच्छुक पालकांनी हिवाळ्यातच समुपदेशकांकडे चौकशी करावी.