हॉटेलच्या कामगारांसाठीचे छोटे अभ्यासक्रम: आमच्या भोजनगृहाचा अनुभव

पुण्यातील आमच्या थाळीच्या भोजनगृहात काम करणारे आचारी, पोळ्या करणाऱ्या मावशी, वाढपी आणि भांडी घासणारी मुले या सर्वांना आम्ही टप्प्याटप्प्याने चार प्रकारचे अल्प मुदतीचे प्रशिक्षण दिले: अन्नसुरक्षा, आग व गॅस, प्रथमोपचार आणि वाढण्याचे काम. आमच्या व्यवसायातील ओळखीचे लोक वारंवार विचारतात, की हे अभ्यासक्रम म्हणजे परवान्याच्या फाइलला लावायचे कागद आहेत, की त्यातून स्वयंपाकघरात खरोखर काही बदलते. त्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. अभ्यासक्रमांची आखणी बहुतेक ठिकाणी चांगली आहे, पण शिकवणारा माणूस कामगाराच्या हातात वस्तू देऊन शिकवतो की पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, यावर त्याची किंमत ठरते.

सुरुवात अन्नसुरक्षेपासून करतो, कारण बहुतेकांचा पहिला संबंध त्याच्याशीच येतो. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१७ साली फोस्टॅक नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला आणि तो प्राधिकरणाने मान्यता दिलेल्या निरनिराळ्या संस्थांमार्फत चालवला जातो. अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे किमान एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा, अशी त्यामागची कल्पना आहे. खाद्यपदार्थ बनवून वाढणाऱ्या व्यवसायांसाठी त्यात ४ तासांची मूलभूत आणि ८ तासांची प्रगत अशा पातळ्या आहेत, शेवटी बहुपर्यायी चाचणी होते आणि मिळणारे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. फी काही शे रुपयांच्या घरात असते आणि संस्थेनुसार ती कमी-जास्त होते. छोट्या खानावळीलाही ती जड जाऊ नये.

आम्ही हे प्रशिक्षण दोन वेगवेगळ्या संस्थांकडून घेतले आणि दोन्ही अनुभवांत जमीन-अस्मानाचा फरक होता. पहिल्या संस्थेचे वर्ग ऑनलाइन होते. प्रशिक्षकाने इंग्रजी मजकूर हिंदीत वाचून दाखवला, ठरलेल्या वेळेच्या बराच आधी वर्ग संपवला आणि चाचणीच्या आधी अपेक्षित उत्तरेही सांगून टाकली. प्रमाणपत्रे वेळेवर आली, त्यांवरचे क्यूआर कोडही नीट चालतात, परंतु दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात एकही गोष्ट वेगळ्या पद्धतीने झाली नाही. ज्यांना शाळा सोडून वीस-पंचवीस वर्षे झाली आहेत, त्या मावशींना मोबाइलच्या पडद्यावरून सूक्ष्मजीवांविषयी काय समजणार, याचा विचार त्या संस्थेने केलेला दिसला नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण जेवणाऱ्याच्या ताटातील प्रत्येक पोळी त्यांच्याच हातून जाते.

दुसरी संस्था मात्र प्रशिक्षकाला आमच्या स्वयंपाकघरात पाठवणारी होती. त्या बाईंनी येताना अंधारात जांभळ्या दिव्याखाली चमकणारे एक मलम आणले होते. ते सर्वांच्या हातांना चोळून त्यांनी नेहमीप्रमाणे हात धुवायला सांगितले आणि मग दिवे मालवून तो छोटा दिवा हातांवर धरला. तळवे स्वच्छ दिसत होते, पण नखांच्या कडा, अंगठ्याची मागची बाजू आणि बांगड्यांच्या खालचा मनगटाचा पट्टा लख्ख चमकत होता. "मावशी, बांगड्या वर सरकवा, मनगटाच्याही वर साबण जाऊ द्या, आणि मनात वीस आकडे मोजून होईपर्यंत चोळत राहा," एवढेच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून कणिक मळायला बसण्यापूर्वी बांगड्या वर सरकवल्या जातात आणि त्यासाठी कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

त्यांच्याच वर्गातील भाताचा धडा प्रत्येक मराठी स्वयंपाकघराने शिकावा असा आहे. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकणे ही आपल्याकडील इतकी रुळलेली गोष्ट आहे, की त्यात धोका असू शकतो हेच कोणाच्या मनात येत नाही. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला, की ते अंकुरतात, वाढतात आणि असे विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणजे फोडणी कितीही खमंग बसली, तरी तिने भात सुरक्षित होत नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा धोक्याचा पट्टा आहे, हे पहिल्या संस्थेनेही सांगितले होते. दुसऱ्या प्रशिक्षकांनी दुपारच्या भाताचे मोठे पातेले पुढे ओढून त्यात तापमापकाची सुई मध्यभागापर्यंत खुपसली. बाहेरून हाताला गार लागणाऱ्या त्या पातेल्याच्या पोटात अजून चाळिशीच्या वरचा आकडा दिसत होता. आमच्या मुख्य आचाऱ्याने तो आकडा दोनदा वाकून वाचला. आता उरलेला भात उथळ परातींत पसरून लवकर थंड होतो आणि लगेच फ्रीजमध्ये जातो, शिवाय तशी सुई असलेला तापमापक आम्ही विकत घेतला आहे.

तळणीच्या तेलाचा भागही उपयुक्त होता. वापरलेल्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साचत जाणाऱ्या घटकांचे, प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले, की ते तेल खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही, हा नियम त्यात समजावून सांगितला जातो. वड्या-भज्यांचे तेल "अजून चांगले दिसते" या अंदाजावर चालवणाऱ्यांनी तो लक्षपूर्वक ऐकावा.

आग आणि गॅसचे प्रशिक्षण अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्यांनी इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत दिले, आणि चारही प्रशिक्षणांत मला ते सर्वांत मोलाचे वाटते. लोखंडी ट्रेमध्ये इंधन पेटवून त्यांनी प्रत्येकाच्या हातात अग्निशामक यंत्र दिले: पिन ओढा, नळीचे तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे न धरता मुळाशी धरा, दांडा दाबा आणि डावीकडून उजवीकडे झाडल्यासारखे फिरवा. सहा किलोचे पावडरचे यंत्र अवघ्या काही सेकंदांत रिकामे होते, हे ऐकून माहीत असणे वेगळे आणि आपल्या हातातील नळी फुसफुसत थांबलेली पाहणे वेगळे. भांडी घासणाऱ्या एका मुलाने पहिल्या खेपेस सगळी पावडर ज्वाळेच्या वर उडवली, दुसऱ्या खेपेस नळी खाली धरली आणि आग विझली. असा सराव वर्गात बसून होऊ शकत नाही.

पेटलेल्या तेलावर पाणी ओतले, की पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल चहूकडे उडते, म्हणून गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवायचे आणि कढई उचलून बाहेर न्यायच्या फंदात पडायचे नाही, हे त्यांनी प्रत्येकाकडून वदवून घेतले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यावर तो जमिनीलगत साचतो, ओट्याखाली आणि गटाराच्या जाळीकडे सरकतो, आणि म्हणून वास येताच दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालू तर करायचे नाहीच, पण बंदही करायचे नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडून १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर कळवायचे. बटण बंद करतानाही ठिणगी पडते, ही गोष्ट आमच्या बहुतेक कामगारांना नवी होती.

या प्रशिक्षणाबद्दल मी आग्रहाने बोलतो, त्याला कारण आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये कुर्ल्यातील एका उपाहारगृहाला लागलेल्या आगीत ८ जणांचा जीव गेला. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईतील कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागली, तिच्यात १४ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांतील बहुतेकांचा मृत्यू गुदमरून झाला. अनेकांनी स्वच्छतागृहात आसरा घेतला होता. अशा वेळी ग्राहकाला बाहेरची वाट माहीत नसते, ती वाढप्याला माहीत असते. महाराष्ट्रातील २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावा लागतो आणि तो आवश्यकच आहे, परंतु यंत्रणा चालू असणे आणि ती चालवणारा माणूस तयार असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. गोवा आणि कोकणातून क्रूझ जहाजांवर वाढपी, आचारी किंवा हाउसकीपिंगच्या कामाला जाणाऱ्या तरुणांना एसटीसीडब्ल्यू या जहाजावरील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजावर चढण्यापूर्वी मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यात पाण्यात जीव वाचवणे, आग विझवणे आणि प्राथमिक उपचार यांचा प्रत्यक्ष सराव असतो आणि ठरावीक वर्षांनी उजळणीही असते. जहाजावर चहा देणाऱ्याला जे आल्याशिवाय चालत नाही, ते रस्त्यावरच्या उपाहारगृहातील माणसालाही आलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रथमोपचाराचा वर्ग एका दिवसाचा होता आणि चांगला झाला. स्वयंपाकघरात भाजणे, कापणे आणि ओल्या फरशीवर घसरणे हे नेहमीचे अपघात, त्यामुळे प्रशिक्षकांनी त्यांवरच भर दिला. भाजल्यावर टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजली आहे. त्याऐवजी भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, बर्फ लावू नये आणि फोड फोडू नयेत, हे त्यांनी पटवून दिले. घास अडकलेल्या माणसाला पाठीत पाच थापा आणि मग पोटावर पाच दाब कसे द्यायचे, हा उपाहारगृहासाठी सर्वांत उपयोगी भाग होता. छाती दाबण्याचा सराव रबरी पुतळ्यावर होता: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. उणीव एवढीच, की मोठ्या गटाला पुतळा एकच होता आणि मागे बसलेल्यांच्या वाट्याला जेमतेम एक फेरी आली. पैसे भरण्यापूर्वी किती माणसांमागे एक पुतळा आहे, हे विचारून घ्यावे.

आता आतिथ्याच्या कौशल्यांकडे वळतो. या क्षेत्रात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची 'हुनर से रोजगार तक' ही २००९ साली सुरू झालेली योजना बऱ्याच जणांना ठाऊक असेल. स्वयंपाक, वाढण्याची सेवा, हाउसकीपिंग अशा विषयांचे काही आठवड्यांचे विनाशुल्क प्रशिक्षण त्यातून दिले जाते. दादरची हॉटेल व्यवस्थापन संस्था १९५४ पासून उभी आहे आणि हॉटेलच्या शिक्षणाची आपल्याकडची परंपरा किती जुनी आहे, हे तिच्याकडे पाहून कळते. आमच्या दोन वाढप्यांनी एका खासगी केंद्रात वाढण्याचा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम केला. त्यांच्यात फरक निश्चित पडला: ते ग्राहकाच्या डोळ्यांत पाहून बोलतात, ऑर्डर परत वाचून दाखवतात, काठोकाठ भरलेला पेला वरच्या कडेला बोट न लावता ठेवतात आणि चिडलेल्या ग्राहकाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकून घेतात.

मात्र तो अभ्यासक्रम पंचतारांकित हॉटेल डोळ्यांसमोर ठेवून बेतलेला होता. रुमालाच्या घड्या आणि वाइनच्या पेल्यांचे प्रकार यांत बराच वेळ गेला. थाळीचा उल्लेखही झाला नाही. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटी, मधे भाताची मूद, आग्रह कुठवर करायचा आणि पान कधी उचलायचे हेही एक पूर्ण शास्त्र आहे, आणि महाराष्ट्रात चालणाऱ्या अभ्यासक्रमाने त्याला एखादे सत्र द्यायला हरकत नव्हती.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटली. ग्राहकाला कोणत्या पदार्थाची ॲलर्जी आहे का, हे विचारायला शिकवले गेले, पण पुढे काय करायचे ते नाही. मराठी जेवणात दाण्याचा कूट कोशिंबिरीत असतो, भरल्या वांग्यात असतो, साबुदाण्याच्या खिचडीत असतो, काही घरच्या आमटीतही असतो, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. म्हणून आम्ही प्रत्येक दिवसाच्या पदार्थांपुढे शेंगदाणे, काजू, तीळ, दूध आणि गहू यांच्या खुणा असलेला तक्ता वाढप्यांच्या खिडकीजवळ लावला, तो आचाऱ्याने रोज सकाळी भरायचा असतो. वाढणे आणि सुरक्षितता हे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून विकले जातात, त्यामुळे दोहोंच्या मधोमध येणारी अशी गोष्ट कोणीच शिकवत नाही.

तसेच, दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी, असे २०१३ चा कायदा सांगतो. चारपैकी एकाही प्रशिक्षणात त्याचा उल्लेख आला नाही. ज्या व्यवसायात बायका रात्री उशिरापर्यंत काम करतात, तेथील कामाच्या सुरक्षिततेत हा विषय आलाच पाहिजे, आणि तो आम्हाला वेगळ्या जाणकार व्यक्तीला बोलावून समजावून घ्यावा लागला.

क्रम विचाराल तर छोट्या उपाहारगृहाने आधी आग व गॅसचे प्रशिक्षण घ्यावे, मग स्वतःच्या स्वयंपाकघरात होणारे फोस्टॅक, त्यानंतर प्रथमोपचार. वाढण्याच्या अभ्यासक्रमाला नव्या मुलांना पाठवावे आणि थाळीचे शिक्षण जुन्या वाढप्याच्या हाताखाली द्यावे. संस्था निवडताना तीन गोष्टी आधी विचाराव्यात: प्रशिक्षक प्रत्यक्ष येणार का, मराठीत शिकवणार का, आणि सोबत काय साहित्य आणणार. वर्गाची वेळ दुपारी तीन ते सहा अशी मागून घ्यावी. त्या वेळी चुली थंड असतात, दुपारची पंगत उठलेली असते आणि रात्रीची तयारी सुरू व्हायची असते; सकाळच्या वर्गाला अर्धी माणसे डोळा चुकवून भाजी निवडायला निघून जातात.