शो-साइको-तो: लिव्हरची चिनी पुडी, पण पोटात पाणी झालेल्याला नको

ऑनलाइन मागवली की कुरिअरने तालुक्यापर्यंत येते. चीनमध्ये शिआओ चाय हू तांग, जपानमध्ये शो-साइको-तो. बुप्लेरम, स्कुटेलारिया, पिनेलिया, जिनसेंग, आलं, चिनी बोरं आणि जेष्ठमध, अशा सात जिनसांचा आटवलेला काढा दाणेदार करून पुड्यांत भरलेला असतो. जपानी दाण्यांचा दिवसाचा डोस साधारण 7.5 ग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून, जेवणाआधी कोमट पाण्यातून. पुडी नीट बंद नसेल तर पावसाळ्यात ओल धरून गोळा होतो. तशी घेऊ नका.

जाहिरातीत 'लिव्हरच्या सगळ्या तक्रारींवर' असं असतं, आमचा आक्षेप तिथंच आहे. जपानात हे औषध मुख्यतः जुनाट हिपॅटायटिससाठी वापरलं गेलं. फुप्फुसाला सूज येऊन काही रुग्ण दगावले, म्हणून 1996 मध्ये तिथल्या सरकारनं तातडीचा इशारा दिला. इंटरफेरॉनसोबत (हिपॅटायटिसवरचं इंजेक्शन) आणि सिरोसिसच्या, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसलेल्या पेशंटला ते तिथं वर्ज्य आहे. आपल्याकडे मात्र दारूनं लिव्हर गेलेला, पोट फुगलेला माणूसच ही पुडी शोधत येतो.

यात जास्त त्रास जेष्ठमधाचा. त्यातला ग्लिसिरायझिन मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतो आणि पोटॅशियम बाहेर टाकतो. म्हणजे डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन देऊन पाणी काढतात, पुडी ते परत भरते. पोटॅशियम उतरलं की रक्तात अमोनिया वाढतो, माणूस बडबडतो, दिवसा झोपतो, हात थरथरतात. त्यावर चिनी वैद्यकात रेवंदचिनी वापरतात. जुलाबानं अमोनिया उतरतो, यात तथ्य आहे. पण तिचा डोस घरी सांभाळता येत नाही. 45 अंशांच्या उन्हाळ्यात जुलाब जास्त झाले तर मूत्रपिंड बसतं. त्यापेक्षा लॅक्ट्युलोज, म्हणजे पोट साफ करणारं गोड पातळ औषध, 15 ते 30 मिलि, दिवसातून दोन-तीनदा. शौचाला मऊ दोन-तीन वेळा झाली की डोस बरोबर. पाण्यासारखी झाली तर कमी करा.

मिठाचं तर विचारूच नका. पोटात पाणी झालेल्याला दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यातच ठेचा, पापड, लोणचं सगळं आलं. 'अशक्तपणा आहे, एक सलाइन लावा' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, नॉर्मल सलाइनच्या 500 मिलि बाटलीत 4.5 ग्रॅम मीठ असतं. मीठ कमी करा, पण प्रथिनांची डाळ मात्र बंद करू नका.

पिवळे डोळे म्हणजे लिव्हरच, असंही नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटला रक्तपेशी फुटूनही कावीळ दिसते. तिथं ही पुडी म्हणजे वाया पैसे.

पुडी चालू असताना कोरडा खोकला, ताप, धाप लागली तर बंद करून छातीचा एक्स-रे काढा. काळी शौच, रक्ताची उलटी किंवा तापासह पोट दुखलं तर थेट जिल्हा रुग्णालय. रिकामं पाकीट सोबत न्या. त्यावरची अक्षरं डॉक्टरला वाचता आली नाहीत तरी फोटो काढून शोधता येतं.