फोटोतला गाडीचा नंबर: झाकावा की राहू द्यावा

दसऱ्याला शोरूममधून गाडी निघते, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं, बॉनेटवर झेंडूचा हार चढतो आणि पाच मिनिटांत फोटो भावकीच्या ग्रुपवर पडतो. नंबर प्लेट बरोबर मधोमध. मग कुणीतरी विचारतं, "अरे, नंबर झाकायचा ना." दुसरा लगेच म्हणतो, "रस्त्यावर दिवसभर सगळं गाव बघतंच की." दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून फोटो कुठला आणि कुणाकडे जाणार यावर ठरवावं लागतं.

नुसत्या नंबरावरून काय निघतं

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की गाडीचं मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख, आरटीओ, विम्याची आणि पीयूसीची मुदत दिसते. मालकाच्या नावातली बरीचशी अक्षरं फुल्यांखाली असतात. पत्ता आणि मोबाइल नंबर दिसत नाही. काही पेमेंट अ‍ॅपवर फास्टॅग रिचार्ज करायला गाडीचा नंबर आणि बँक निवडली की खातेदाराचं नाव समोर येतं, ही फट मात्र आहे. "नंबर दिला म्हणजे घरच दाखवलं" ही भीती तेवढ्यापुरती जास्तीची.

पण रस्त्यावरचा नंबर आणि फोटोतला नंबर एकसारखा नसतो. क्रांती चौकात तुमच्या मागे थांबलेला माणूस पुढच्या सिग्नलला नंबर विसरतो, आणि गाडी कुणाची हे त्याला माहीतही नसतं. फोटोत नंबराशेजारी तुमचं नाव, गेटवरचं बंगल्याचं नाव, गाडीचा रंग आणि वर "चार दिवस कोकणात" हे सगळं एकत्र सापडतं. ते राहतंही कायम, आणि फोन फोटोतली अक्षरं आपोआप वाचतो.

याचा सर्रास होणारा गैरवापर म्हणजे खोटं चलन. "तुमच्या गाडीवर दंड झाला आहे" असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज येतो आणि सोबत एपीके, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल असते. मोघम मेसेज लोक उडवून लावतात. त्यात स्वतःचाच नंबर अचूक दिसला की बोट फाइलवर जातं, आणि ते अ‍ॅप फोनवरचे ओटीपी वाचू लागतं. सरकारी चलन एपीकेमधून येत नाही. ते पाहायला परिवहन किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर स्वतः जायचं. पैसे गेलेच तर तत्काळ सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० लावायचा.

दुसरा प्रकार कमी घडतो, पण डोकेदुखी मोठी असते. त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या दुसऱ्या गाडीला तुमचा नंबर लावला जातो आणि तिची चलनं तुमच्या नावावर येतात. नंबर उचलायला हुबेहूब तशीच गाडी शोधणाऱ्याला स्पष्ट फोटो हा तयार माल.

गाडी विकायची असेल तर

खरी ओढाताण इथे असते. नंबर पूर्ण झाकला की गिऱ्हाईक बिचकतं: चलनं थकली असतील, बँकेचा बोजा असेल, विमा संपला असेल. त्याची शंका रास्तच आहे, कारण नंबराशिवाय त्याला यातलं काही तपासता येत नाही. नंबर उघडा ठेवला तर तुमचेच फोटो उचलून कुणीतरी निम्म्या किमतीची खोटी जाहिरात टाकतो आणि टोकन म्हणून पाच-दहा हजार मागतो. नंबर अ‍ॅपवर जुळतो म्हणून घेणारा फसतो आणि पुढे विचारपूस तुमच्याकडे येते.

आमच्या मते पासिंग दिसू द्यावं, बाकी झाकावं. आपल्याकडे गाडीचा भाव पासिंगवरही ठरतो: वीस म्हणजे संभाजीनगर, एकवीस जालना, बावीस परभणी, तेवीस बीड, चोवीस लातूर, पंचवीस धाराशिव, सव्वीस नांदेड, अडतीस हिंगोली. बारा किंवा चौदा पासिंगची गाडी दिसली की "पुण्याहून आणलेली" हे गिऱ्हाईक आपसूक ओळखतं. म्हणून एमएच आणि पुढचे दोन आकडे ठेवून अक्षरं आणि शेवटचे चारही आकडे झाकायचे. फोनवर बोलणं होऊन माणूस खरा वाटला की त्याला एकट्याला पूर्ण नंबर द्यायचा. आरसीचा फोटो मात्र त्यानंतरही नाही. ती समोर बसून दाखवायची.

शेवटचे दोनच आकडे झाकून समाधान मानणारे बरेच आहेत. त्याने शंभरच शक्यता उरतात, आणि त्या शंभरांत पांढरी स्विफ्ट किती असणार? अ‍ॅपवर बसून एखादा चिवट माणूस ती शोधून काढेल.

नवी गाडी, सहल, हौस

भावकीचा वीस जणांचा ग्रुप असेल तर झाकण्याचा खटाटोप नको, त्यांना नंबर तसाही तोंडपाठ होणार आहे. इन्स्टाग्रामवर किंवा फेसबुकवर सगळ्यांना दिसणारी पोस्ट असेल तर झाका, किंवा त्याहून सोपं म्हणजे हारच प्लेटवर येईल असा धरून फोटो काढा. वेरूळच्या वाहनतळावर काढलेल्या फोटोत शेजारच्या चार अनोळखी गाड्या येतात. तिथे कोन बदलला तरी काम भागतं.

८०५५ चा बॉस आणि २१४ चा राम मिरवणाऱ्यांना हा सल्ला देण्यात अर्थ नाही. आरटीओत पैसे मोजून घेतलेला नंबर झाकायचा कशाला? त्यांनी निदान घर आणि गेट फोटोत येऊ देऊ नये.

भाड्याच्या टेम्पोचं किंवा टुरिस्ट गाडीचं गणित उलटं असतं. गाडी हाच धंदा, आणि प्रवाशाला बुकिंगची गाडी ओळखायला नंबर लागतो. दाखवा.

दुसऱ्याची गाडी, अपघात, चोरी

समृद्धीवर किंवा धुळे-सोलापूर रस्त्यावर अपघात झाला की चेपलेल्या गाडीचा फोटो तालुक्याच्या ग्रुपवर रुग्णवाहिकेच्या आधी पोचतो. नंबर दिसत असेल तर घरच्यांना बातमी अशी, फोटोतून कळते. इथे दुमत नको: ग्रुपवर टाकायच्या फोटोत नंबर झाकायचा, आणि उघडा नंबर ११२ वर किंवा पोलिसांना सांगायचा. घरच्यांपर्यंत निरोप तेच नीट पोचवतात. उलटं गाडी चालवणाऱ्याचा व्हिडिओही असाच, पोलिसांकडे नंबरासकट जावा, गावाच्या ग्रुपवर नको. गाडी कोण चालवत होतं हे नंबरावरून कळत नाही आणि शिव्या मालकाला पडतात.

विम्याच्या दाव्याचे फोटो कधीही झाकू नका, सर्व्हेअर ते परत पाठवेल. नुकसान आणि नंबर एकाच फोटोत हवेत. गाडी चोरीला गेली असेल तर नंबर ठळक टाका, पण चोर पहिल्यांदा प्लेटच बदलतो, म्हणून मागच्या बंपरवरचा ओरखडा, सीट कव्हरचा रंग, काचेवरचं स्टिकर हेही लिहा. चासी नंबर फक्त पोलिसांना द्यायचा.

आणि हे सगळं फोटोपुरतं. रस्त्यावर चालत्या गाडीच्या प्लेटवर फडकं किंवा चिखल हा गुन्हा आहे.

झाकायचं कशानं

धूसर करणं दिसायला छान, पण कामाला कच्चं. नंबराचा साचा ठरलेला आणि हाय सिक्युरिटी प्लेटचा टाइपही सगळीकडे एकच. मालिकेची अक्षरं नोंदणीच्या काळावरून साधारण ताडता येतात. मग उरतात १ ते ९९९९. संगणक एकेक नंबर तितकाच धूसर करून तुमच्या फोटोशी जुळवून बघू शकतो. चौकोनी ठिपक्यांचा मोझॅक त्याच वाटेचा. २०२० मध्ये आलेलं डेपिक्स हे साधन मोझॅकखालचा मजकूर याच तत्त्वाने शोधतं. ठिपके इतके मोठे असतील की अख्खी प्लेट दोन-तीन चौकोनांत मावेल, तर ठीक.

फोनमधला हायलायटर तर वापरूच नका. त्याचा काळा रंग अर्धपारदर्शक असतो. ब्राइटनेस आणि एक्सपोजर वर नेलं की खालचे आकडे वर येतात.

उरली ठोस पट्टी किंवा इमोजीचं अपारदर्शक स्टिकर. फोटो एडिटरमध्ये भरीव चौकोन घ्या, प्लेटच्या कडांच्या थोडा बाहेर जाईल इतका मोठा करा आणि सेव्ह करा. मग झाकलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच टाका. कारण काही फोन संपादित फोटोबरोबर मूळ प्रतही जपून ठेवतात. २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या स्क्रीनशॉट एडिटरमध्ये असा दोष सापडला होता की कापून टाकलेला भाग त्याच फाइलमधून परत काढता येत होता. स्क्रीनशॉटने फोटोतलं जीपीएस ठिकाणही गळून पडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर ते आपोआप निघतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर तसंच जातं.

प्लेट झाकूनही नंबर बाहेर पडतो तो बहुतेक समोरच्या काचेतून. हाय सिक्युरिटी प्लेटसोबत काचेला आतून डावीकडे १०० बाय ६० मिलिमीटरचं स्टिकर लागतं. पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं, डिझेलला नारिंगी. त्यावर नोंदणी क्रमांकासोबत इंजिन आणि चासी नंबरही छापलेला असतो. चलनाच्या साइटवर याच नंबरांचे शेवटचे आकडे विचारतात, म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच चिठ्ठीवर. जवळून काढलेल्या फोटोत ते झूम करून वाचता येतं. त्याच काचेवरच्या फास्टॅगचा बारकोडही झाका. काही गाड्यांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यात नंबर कोरलेला असतो, टेम्पोच्या दारावर रंगवलेला असतो, आणि नुकत्याच धुतलेल्या काळ्या गाडीच्या दारात शेजारच्या गाडीची प्लेट उलटी उमटते.

टाकण्याआधी तयार फोटो गूगल लेन्समधून फिरवा आणि "मजकूर" निवडा. झाकलेल्या भागातला एक आकडा जरी त्याला वाचता आला तर पट्टी अजून एकदा ओढा.