पान लागल्यावर: देवाचा कौल आणि काचेची नळी

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसबहिणीच्या वाडीत एका बाईला भात लावताना पान लागलं. आमच्याकडे ‘साप चावला’ असं कुणी पटकन म्हणत नाही. पान लागलं म्हणतात, आणि सापाला जनावर. त्या बाईला आधी देवळात नेऊन कौल लावला, मग भगताकडे नेलं आणि शेवटी रिक्षाने ग्रामीण रुग्णालयात. बाई वाचली. आता तिन्ही ठिकाणची माणसं म्हणतात, आमच्यामुळे वाचली.

त्या रात्री बहिणीचा फोन आला. “दादा, उद्या माझ्या पोराला लागलं तर मी आधी कुठं पळू? आणि खरं सांग, ती सापाची लस तू तरी तपासून बघितलीयेस का? तूही डॉक्टरवर विश्वासच टाकतोस. मग सासूबाईंच्या देवावरच्या विश्वासात आणि तुझ्यात फरक काय?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तिथल्या तिथे दिलं: थेट रुग्णालयात, वाटेत कुठेही न थांबता. दुसऱ्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही. म्हणून हे तिच्यासाठी, आणि तिच्यासारखं ज्यांना घरातल्या दोन विश्वासांमधून ऐन वेळी एक निवडावा लागतो त्यांच्यासाठी.

तिचा अर्धा मुद्दा खरा आहे. मी लस तपासलेली नाही. तमिळनाडूत 1978 मध्ये स्थापन झालेली इरुळा समाजाची सहकारी संस्था सापांचं विष काढून देते. ते विष थोडंथोडं घोड्यांना टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाला मारक प्रतिपिंडं तयार होतात आणि ती वेगळी करून औषध बनतं, त्यालाच आपण सापाची लस म्हणतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर ते एकच औषध चालतं. यातलं काहीही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझा विश्वास ऐकीवच आहे, सासूबाईंचा आहे तसाच. त्यामुळे ‘मला माहीत आहे, त्या नुसतं मानतात’ असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. फरक शोधायचा तर तो दुसरीकडे शोधायला हवा: मी ज्यांच्यावर विसंबतो त्यांना कुणी प्रश्न विचारू शकतं का, आणि उत्तर चुकलं तर ते चुकलं हे कळण्याची सोय आहे का.

कौल आणि नळी

कौल मी लहानपणापासून पाहिला आहे. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या शांततेत मीही बसलो आहे आणि तिचं वजन मला कळतं. लग्न ठरवताना, घर बांधायला काढताना माझ्या आजोबांनी कौल घेतला आणि त्या आधारावर माणसं निश्चिंत झाली.

आता रुग्णालयातली परीक्षा बघा. पेशंटचं 2 मिलिलिटर रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि 20 मिनिटं नळीला हातही लावत नाहीत. मग ती हळूच कलती करतात. रक्त गोठलं असेल तर ते जागेवर राहतं. पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलं आहे असं धरून औषध सुरू करतात. यासाठी यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. नळी मात्र काचेचीच हवी, कारण रक्त गोठायला काचेचा पृष्ठभाग चालना देतो. साबणाने धुतलेली नळी वापरली तर उत्तर चुकू शकतं.

दोन्हीकडे माणसं वाटच बघत बसतात. पण डावा कौल आला की आमच्याकडे प्रश्न फिरवून पुन्हा लावतात, आणि पाकळी कुठल्या बाजूला पडली म्हणजे ‘आपली कौलाची रीतच चुकली’ असं ठरेल, हे कुणी आधी सांगत नाही. नळीच्या बाबतीत ते आधीच ठरलेलं असतं. शिवाय ती कुठे निरुपयोगी आहे तेही तिच्या बाजूचे लोकच सांगतात: नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर काम करतं, तिथे रक्त व्यवस्थित गोठलं तरी माणूस जाऊ शकतो. म्हणून नळीसोबत पापण्या जड होताहेत का, गिळता येतंय का, श्वास लागतोय का, हेही बघत राहावं लागतं. ‘इथे माझ्यावर विसंबू नका’ असं जी परीक्षा स्वतः सांगते, तिच्यावर मी इतर ठिकाणी जास्त विसंबतो.

भगताला यश का येतं

आमच्या गावातला भगत लबाड नव्हता. रात्री दोन वाजता उठायचा, एका नारळापलीकडे काही घ्यायचा नाही आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहायचा. त्याने उतरवलेले कितीतरी जण खरोखर चालत घरी गेले. ते मी पाहिलंय.

पण हिशेब असा आहे. आपल्या देशात सापांच्या 300 च्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या विषारी साठेक. शेतात, घराभोवती चावणारे पुष्कळसे साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असं नाही. म्हणजे भगताकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना मंत्र नसता तरी काही झालं नसतं. कडुनिंबाचा पाला चघळायला द्यायचा, कडू लागला नाही तर विष चढलंय समजायचं, मंत्र म्हणायचा आणि कडू लागेपर्यंत थांबायचं. घाबरलेल्या माणसाला सुरुवातीला चव नीट कळत नसेल, धीर आला की कळायला लागत असेल. भगताला वाटतं विष उतरलं. त्याला तसं वाटतं यात खोट नाही. पण जे गेले त्यांची गणती कुणी ठेवली नाही. ‘उशीर झाला होता’, ‘त्याचा भोग होता’ असं म्हणून ते हिशेबातून वगळले गेले.

यात मण्यार सगळ्यात वाईट. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत जवळजवळ नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, मग पापण्या मिटायला लागतात आणि शेवटी छातीचे स्नायू थकून श्वास बंद पडतो. अशा माणसाला वेळेत औषध आणि गरज पडली तर कृत्रिम श्वास मिळाला, तर तो काही दिवसांत उठून बसू शकतो. हेच तास भगताच्या अंगणात जातात. एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी 58,000.

चूक झाल्यावर

लहानपणी मी शाळेतल्या प्रथमोपचाराच्या तक्त्यावर पाहिलं होतं: चावलेल्या जागेच्या वर दोरी घट्ट आवळा, ब्लेडने चीर द्या. तेव्हाचं विज्ञानही हेच सांगत होतं आणि ते चूक होतं. आवळल्याने रक्तपुरवठा तुटून हातपाय कामातून जातात, चीर दिली तर रक्त थांबत नाही. आज सांगतात की काहीही आवळू नका, कापू नका, मोडलेल्या हाताला देतात तसा फळीचा आधार द्या, चालवू नका आणि न्या. माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना हे बदलणंच खटकतं. “काल एक सांगता, आज दुसरं. आमचा देव बदलत नाही.” मला नेमकं उलट वाटतं. दोरी सोडली म्हणून पाय वाचायला लागले.

आपल्या कोकणातलंच उदाहरण घ्या. लाल विंचू चावला की पोरं दगावत, फुप्फुसात पाणी होऊन. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1970 च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रात्र रात्र पेशंटपाशी बसून नोंदी करत राहिले. पुस्तकात उपाय सापडत नव्हता. त्यांना दिसलं की विष हृदयावर आणि रक्तदाबावर हल्ला करतं, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं साधं औषध तिथे चालतं. आधी शंभरातली चाळीसेक माणसं जात, ते प्रमाण एकावर आल्याचं त्यांच्या कामातून पुढे आलं. त्यांचं लिखाण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण छापून आलं एवढ्यावर ते खरं ठरलं नाही. इतर डॉक्टरांनी इतर गावांत तेच औषध देऊन पाहिलं, म्हणून ठरलं.

विज्ञानाची माणसं नेहमी न्यायाने वागतात असंही नाही. मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिनवर आला आणि त्यांना कामावरून दूर केलं. पण 19 जणांना दिलेली लस 53-एन या एकाच बाटलीतली होती, हे नोंदीत होतं. त्याच नोंदीवरून इतर शास्त्रज्ञ भांडत राहिले की दोष प्रयोगशाळेचा नव्हता, गावात बाटली उघडताना चिमट्यामुळे जंतू शिरले. 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली, एका सज्जन माणसाची उमेद गेली, हे मी सोडून देणार नाही. तरी बाटलीवर नंबर होता म्हणून सत्य शोधता आलं. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचंच नाव दिलं गेलं, आणि सर्पदंशावरचं औषधही पुढे तिथे तयार झालं.

आजच्या सापाच्या लसीचंही असंच. एका भागातल्या सापांच्या विषापासून बनवलेली लस दुसऱ्या भागातल्या त्याच जातीच्या विषावर कमी पडू शकते, चापडा नावाच्या सापाच्या विषावर ती लागू नाही, काहींना तिची जोराची ॲलर्जी येते. ही सगळी तक्रार लस बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या शास्त्रातूनच आलेली आहे.

जिथे माझी बाजू लंगडी पडते

माझ्या काकांना फुरसं चावलं तेव्हा पहिल्या दवाखान्यात लस संपलेली होती. दुसरीकडे होती, पण डॉक्टर जागेवर नव्हते. काका वाचले, पण तीन महिने पाय धरून होते. औषधावरचा विश्वास कितीही पक्का असला तरी बाटली कपाटात नसेल तर तो पोकळ ठरतो. भगत मात्र कधीच ‘संपला’ नसतो. लोक त्याच्याकडे का जातात याचं निम्मं उत्तर इथे आहे आणि त्याबद्दल वाडीतल्या अडाणीपणाला दोष देणं मला मान्य नाही. म्हणून बहिणीला सांगितलं, मे महिन्यातच जवळच्या रुग्णालयात जाऊन विचार: लस किती आहे, रात्री डॉक्टर असतात का, कृत्रिम श्वासाची सोय कुठे आहे. देवाला असं विचारता येत नाही. यांना विचारता येतं आणि विचारायलाच हवं.

आणि सासूबाईंची बाजू. काकांच्या त्या रात्री बाकावर बसून काकू देवाला गाऱ्हाणं घालत होत्या. त्या पाच तासांत डॉक्टरांनी त्यांना दिलं नाही असं काहीतरी त्या गाऱ्हाण्याने दिलं. त्या कोसळल्या नाहीत. नागपंचमीला आमच्याकडे नांगर धरत नाहीत, चिरत नाहीत, तळत नाहीत. साप दूध पीत नाही हे खरं, पण दिसला जनावर की ठेच, असं न करणारी माणसं त्या श्रद्धेनेच घडवली आहेत. ही श्रद्धा कुठल्या नळीत तपासायची गरज मला वाटत नाही. तिच्याकडे फक्त एक काम देऊ नये: विष चढलंय की नाही हे सांगण्याचं. राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही तेवढंच आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं गुन्हा आहे. हात जोडण्याला त्यात बंदी नाही.

बहिणीने आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर रिक्षावाल्याचा आणि 108 असे दोन नंबर खडूने लिहिलेत. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “गाडीत बसल्या बसल्या गाऱ्हाणं घातलं तर चालेल ना?” चालेल म्हणाली ती. फक्त देवळापाशी गाडी थांबवायची नाही.