लेह की मनाली? शर्यतीआधीचे चार आठवडे कुठे काढावेत

माउंटन बाइकिंगच्या शर्यतीत उतरणारी पुण्यातली मुलं उन्हाळा आला की हमखास विचारतात: उंचीवरच्या सरावाला लेह बरं की मनाली? माझं मत आधीच सांगून टाकतो. शर्यत खुद्द लडाखात नसेल, तर मनाली.

लेह ३,५०० मीटरवर. तिथे ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६५ टक्के. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या रक्तातल्या लाल पेशी वाढतात हे खरं, पण पायांचं काय? सिंहगडाच्या घाटात मी पॅडलवर २५० वॅटचा जोर टिकवतो. लेहमध्ये आठव्या दिवशीही २०० वॅटला धाप लागत होती. रात्री दोनच्या सुमारास श्वास अडकल्यासारखा होऊन जाग यायची, सकाळी नाडी चढलेलीच. झोप नाही, जोरकस इंटरव्हल (मध्ये विसावा घेत मारलेले जोराचे टप्पे) नाहीत. मग पेशी वाढूनही पाय मंदावतात. आणि खाली उतरून सराव करावा म्हटलं, तर सिंधूकाठाने कितीही फिरा, जवळपास ३,००० मीटरच्या खाली जाताच येत नाही.

मनालीचं बळ नेमकं इथे आहे. १९९७ साली लेव्हिन आणि स्ट्रे-गुंडरसन या संशोधकांनी ३९ धावपटूंवर प्रयोग केला. चार आठवडे २,५०० मीटरवर राहून १,२५० मीटरवर सराव करणाऱ्यांचीच ५,००० मीटरची वेळ सुधारली. मनालीजवळच्या सोलंगला मुक्काम आणि कुल्लूकडे उतरून जोरकस सराव, म्हणजे जवळजवळ तेच गणित. परतीच्या चढाला मात्र गाडी ठरवाच. तो चढ रोज पायांनी मारलात तर दुसऱ्या दिवशीचे इंटरव्हल गेले.

मनालीची खोट पावसाची. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, पायवाटा चिखलाने भरतात. तेव्हा लेह कोरडं असतं. म्हणून मनालीला मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबरच्या अखेरीस जा.

घरी तंबू लावून कमी ऑक्सिजनमध्ये झोपायचा तिसरा मार्गही आहे, नियमात बसणारा. पण दिवसाचे बारा-चौदा तास त्यात काढावे लागतात. नोकरी-कॉलेज सांभाळून ते कुणाला जमलेलं मी पाहिलेलं नाही.

कुठेही जा, निघण्याच्या महिनाभर आधी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तपासून घ्या. शरीरात लोहच कमी असेल तर लाल पेशी बनणार कशातून? अहवाल कमी आला तर डॉक्टरांना दाखवा आणि तिकीट पुढे ढकला.