साकुरा, म्हणजे जपानमधला चेरीचा बहर, बघायचा तर टोकियोत की योशिनोत?

टोकियोत दिसतो तो बहुतेक सोमेइ-योशिनो. ही जात कलमांनीच वाढवतात. सगळी झाडं जनुकीयदृष्ट्या एकच, म्हणून एका परिसरात सगळी एकदमच फुलतात. यासुकुनी मंदिराच्या आवारातल्या ठरावीक झाडावर पाच-सहा फुलं उमलली की हवामान खातं बहर सुरू झाल्याचं जाहीर करतं, आणि बागांत ताडपत्र्या अंथरून हानामीच्या, म्हणजे फुलं बघत खाण्यापिण्याच्या, पंगती बसतात. पान एकही नाही, नुसती फिकट गुलाबी फुलं. फोटोला झकास!

नारा प्रांतातल्या योशिनो डोंगरावर मात्र मुख्यतः यामाझाकुरा, म्हणजे रानातला. फुलांसोबतच तांबूस पालवी फुटते, झाडागणिक छटा वेगळी. सुमारे ३०,००० झाडं, आणि बहर पायथ्यापासून वर चढत जातो. चार दिवस उशीर झाला तरी वरच्या टप्प्यावर काहीतरी हाती लागतंच. गर्दी दोन्हीकडे असते. मला विचाराल तर योशिनो.